बाल्कनीतलं गोल पाऊल

१

वसंताकाका मेले त्या सकाळी त्यांचा चेहरा जिवंतपणी कधी नव्हता एवढा टवटवीत दिसत होता. गाल गुलाबी, ओठ लाल. मेलेला माणूस मेल्यासारखा दिसावा, एवढी तरी अपेक्षा आपण ठेवायची की नाही?

बाहेर बर्फ कोसळत होता. वीज आदल्या दिवशीच गेली होती, खाली जाणारा रस्ता बंद झाला होता आणि फोन मुके पडले होते. औलीच्या उतारावर ‘देवदार’ नावाच्या लाकडी हॉटेलात बालाघाटची आम्ही मूठभर माणसं अडकलो होतो, आणि त्यातलं एक माणूस आता नव्हतं.

बालाघाटच्या माणसांना बर्फावर घसरायला कोणी सांगितलं होतं? मोहितनं. आमच्याच वॉर्डातला हा पोरगा सहली नेतो. ‘कान्हा हो गया, पचमढी हो गया, आता स्कीइंग!’ असं म्हणत त्यानं आम्हाला गोळा केलं. माझ्या नणंद आम्रपालीताई लगेच तयार झाल्या आणि मलाही त्यांनी ओढलं. ताई बालाघाटच्या कोर्टात वकील. साक्षीदाराला घाम फोडण्यात त्यांचा हातखंडा. मी मंजू, त्यांची भावजय. मला घाम फुटायला पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही.

वसंताकाका भरवेलीच्या खाणीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यासोबत रुख्माकाकू, मुलगा राजेंद्र आणि नात समीक्षा. सून गीता नोकरीमुळे मागेच राहिली होती. काका नातीसमोर ऐट दाखवायला पायाला फळ्या बांधून निघाले आणि थेट बर्फात गळ्यापर्यंत रुतले. तेव्हापासून त्यांना ताप. पोरीला लागण नको म्हणून रात्री काका एकटे झोपले. काकू समीक्षाला घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या.

सकाळी मी पांघरुणात कुडकुडत पडले होते. ताईंना उघड्या खिडकीशिवाय झोप येत नाही, त्याची ही शिक्षा. भिंतीपलीकडे काकांच्या खोलीचं कुलूप उघडलेलं ऐकू आलं. मग काहीतरी किर्रर्र करून किंचाळलं. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग राजेंद्रची आरोळी, “बाबा!”

सगळे धावलो. काकू पलंगाशी बसून हात चोळत होत्या, “उठा नं जी, उठा नं.” मला तो चेहरा बघवेना म्हणून मी बाल्कनीच्या काचेकडे वळले आणि तिथं जे दिसलं त्यानं माझी उरलीसुरली हिंमतही गेली.

बाल्कनीतल्या कोऱ्या बर्फावर एकच पाऊल उमटलं होतं. परातीएवढं, गोल, खोल. येतानाचं नाही, जातानाचं नाही. फक्त एक.

२

“भूत!” असं मी ओरडले हे मी नाकबूल करणार नाही. एका पायाचं, बर्फातून वर आलेलं काहीतरी. समीक्षा माझ्या कमरेला बिलगली. हॉटेलचा चौकीदारसुद्धा काचेपासून दोन पावलं मागं सरला.

ताई मात्र दार ढकलून बाहेर गेल्या, वाकल्या, त्या खड्ड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. बोटाला करडं काहीतरी लागलं होतं. आत येऊन त्यांनी जमिनीवरचा वर्तमानपत्राचा ओला बोळा उचलला. असले बोळे हॉटेलभर होते. हवा शिरू नये म्हणून पहिल्याच दिवशी मोहितच्या सांगण्यावरून सगळ्यांनी दाराखिडक्यांच्या फटी बुजवल्या होत्या. आमची खोली तेवढी ताईंच्या कृपेनं उघडी.

“हा बोळा बाल्कनीच्या दाराचा आहे,” ताई म्हणाल्या. “कोनीतरी हे दार उघडलतं.”

पण ऐकतंय कोण? मोहितला आरोपी सापडला होता. आम्ही आमचा आचारी सोबत आणला होता, परसवाड्याचा प्रेमलाल. आपल्या लोकांना स्वर्गात नेलं तरी तिथं पोळी-भाजी आपलीच लागते. पहिल्याच दिवशी डाळ कच्ची राहिली म्हणून काकांनी सगळ्यांदेखत ताट भिरकावलं होतं. इतक्या उंचीवर डाळ शिजता शिजत नाही, त्याला तो तरी काय करणार? पण तो अपमान त्यानं गिळला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आणि रात्री काकांनी काय खाल्लं? फक्त त्यांच्यासाठी वेगळी केलेली खिचडी.

“त्यानंच जहर दिलं,” मोहित म्हणाला. “सीधी बात है.”

“मी काहून जहर देऊ?” प्रेमलाल पांढराफटक पडला. “बाई, मले कोंडाचं तं कोंडा. पन आधी माहं घमेलं कोनी नेलं ते सांगा. राख काढाचं घमेलं चुलीपाशी होतं, सकायपासून दिसून नाही राह्यलं.”

मेलेल्या माणसासमोर घमेल्याची चौकशी! सगळ्यांना त्याचा रागच आला. राजेंद्र बापाच्या पायाशी बसून जमिनीकडे बघत होता. मोहितनं आणि चौकीदारानं प्रेमलालला लाकडाच्या कोठारात ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

ताईंनी मला बाजूला ओढलं. “मंजू, बर्फ थांबला का पोलिस येतीन. सगळे एका सुरात एकाच गरिबाचं नाव सांगतीन, मंग त्याले कोन सोडवन? मी अशा लोकायचे खटले लढून राह्यली इतके वर्षं. त्याच्या आधी मले खरं पाह्यजे.”

“आणि ते पाऊल?”

“त्या पावलानंच सुरुवात करू.”

मला वाटलं होतं त्या माझी समजूत काढतील. नणंदा असल्या कामाच्या नसतात.

३

आधी मोहित. ताईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“वसंतादादाले रातच्याले गोळी कोनी देल्ली?”

“मीच दिली ताई. बुखारची. मेरे डिब्बे में से.” त्याचा आवाज चिरकला. “साधी गोळी आहे, मी खुद खातो. ताई, गोळीनं काही होते का?”

म्हणजे प्रेमलालकडे बोट दाखवण्याची एवढी घाई का होती, ते कळलं. त्याची स्वतःचीच पाचावर धारण बसली होती. ताईंनी डब्यातली तसलीच गोळी त्याच्यासमोर पाण्याबरोबर गिळली. मी किंचाळले, पण त्यांना काही झालं नाही.

मग कोठाराच्या दाराबाहेरून प्रेमलाल. “खिचडी उरलेली मी सोता खाल्ली बाई. मी जिंदा आहो नं? आन एक बात. रातच्याले चुलीत मी चांगले निखारे दाबून ठेवलते, सकायी चहाले. सकायी पाह्यतो तं नुसती राख. माहं घमेलं बी गेलं, विस्तव बी गेला.”

रुख्माकाकू प्रेताशेजारी बसून पुटपुटत होत्या, बुद्धं सरणं गच्छामि. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“वहिनी, दादा निजल्यावर तुमी त्याच्या खोलीत गेल्त्या का?”

“गेलती नं. थंडीनं कुडकुडत होते. ऊब करून देल्ली, पांघरून सारखं केलं आन दाराले कुलूप लावून आली. चाबी सकायी राजेंद्रनं घेतली.” काकूंनी छताकडे पाहिलं. “मले हे घरच नाही आवडलं, आम्रपाली. आपल्या घराले कवेलूचं छप्पर असते, घर श्वास घेते. आता राजेंद्रनं बी भरवेलीच्या घराची कवेलं काढून स्लॅब टाकली. इथून गेलो का तथी राह्यले जाचं होतं. राजेंद्रच्या बाबाले लय हौस होती.”

त्या रडू लागल्या तशी मीही रडले. नव्या घरात जाण्याआधीच माणूस गेला.

शेवटी राजेंद्र. तो भरवेलीच्या खाणीतच सुपरवायझर आहे, बापासारखाच मितभाषी. उजव्या तळहाताला त्यानं फडकं बांधलं होतं.

“दार उघडल्याबरोबर ओरडला का रे?”

“हौ. लगेच.”

“हाताले काय झालं?”

“काल घसरतांनी वर ओढनारा दोर घासला.”

ताईंनी मान हलवली आणि त्याला जाऊ दिलं. तो गेल्यावर मी त्यांचा हात घट्ट धरला.

“ताई, तो खोटं बोलला. दार उघडल्यावर आधी ते किंचाळणं ऐकू आलं, मग सामसूम, मग त्याची आरोळी. आणि काल वीज नव्हती, वर ओढणारा दोर बंद होता, म्हणून कोणी घसरायला गेलंच नाही. संध्याकाळी तो समीक्षाशी पत्ते खेळत होता. दोन्ही हातांनी पिसत होता, फडकं-बिडकं काही नव्हतं!”

“मंजू, भित्र्या मानसाचे कान लय तिखट असतेत,” त्या म्हणाल्या. ही स्तुती होती असं मी धरून चालले.

४

जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. दुपार असूनही बाहेर करडा अंधार. काचांवर बर्फ थापला जात होता आणि लाकडी भिंती मधूनच कण्हत होत्या. पलीकडच्या कोणत्या तरी खोलीत एक खुनी बसला आहे आणि आपण त्याच्याच हातचा चहा पिणार आहोत, असं मला सारखं वाटत होतं.

ताई हळू आवाजात बोलू लागल्या. “पाऊल-बिऊल काही नाही. गरम घमेलं बर्फात ठेवलं का बर्फ गोल वितळते. काठाले राख लागते. घमेलं मंग कोनीतरी दारातूनच कठड्यावरून खाली फेकलं. ज्यानं उचललं त्याचा हात भाजला. बाल्कनीचं दार किंचाळलं ते तूच ऐकलं.”

“म्हणजे भूत नाही?”

“भूत असतं तं बरं झालं असतं.” त्यांनी शाल आवळली. “चुलीतला विस्तव आन घमेलं, दोन्ही रातच्याले दादाच्या खोलीत गेले. बिरशाकडची एक केस मी चालवलती. ट्रकच्या बंद केबिनमंधी शेगडी पेटवून क्लीनर निजला. सकायी मेलेला. वास नाही, धूर नाही, तोंड असंच लालबुंद. पोलिसायनं ड्रायव्हरवर खून लावलता. बंद जागी निखाऱ्यायचा वायू मानसाले झोपेतच नेते.”

मला एकदम काकूंची आठवण झाली. आमच्याकडे थंडी पडली की गोरसी निघते. मातीच्या पसरट भांड्यात निखारे, वर राखेचा थर, आणि ती म्हाताऱ्याच्या नाहीतर बाळंतिणीच्या बाजेखाली सारायची. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं सारली होती. कोणाला काही झालं नाही. कवेलूंच्या फटीतून धूर, वायू सगळं आपोआप निघून जातं. पण इथं वर फळ्यांचं छत आणि प्रत्येक फटीत मोहितचे बोळे.

“ऊब करून देल्ली,” मी पुटपुटले. “ताई, काकूंनी...”

“हौ. खोलीत विस्तव नेऊ नका, लाकडी हॉटेल आहे, असं चौकीदारानं बजावलतं. म्हनून तिनं शालीखाली लपवून नेला. तिच्या मनी ते रजई देल्यासारखंच होतं. आननाऱ्याले भेव नव्हतं. लपवनाऱ्याले मात्र सगळं समजलं होतं. हे दोघं येगळे आहेत, मंजू.”

“राजेंद्र? पण का लपवलं?”

“ते त्यालेच विचारू. आधी चूल पाहून येऊ. कोर्टात मी डोयानं पाह्यल्याशिवाय बोलत नाही.”

आम्ही मागच्या स्वयंपाकघरात गेलो. प्रेमलालला कोंडल्यापासून तिथं कोणी फिरकलं नसणार, असं मी धरून चालले होते. दुपारचा चहा चौकीदारानंच कसाबसा केला होता.

चुलीतली लाकडं नुकतीच मोडलेली होती. निखारे कोणीतरी चिमट्यानं ओढून काढले होते. राख अजून गरम होती. आणि भिंतीवरच्या खुंटीची मोठी लोखंडी कढई जागेवर नव्हती.

ताईंच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा भीती पाहिली.

“मंजू, आत्ता झोपलं कोन आहे?”

५

समीक्षा. दुपारी ती थंडीनं रडत होती आणि काकूंनी तिला शेजारच्या खोलीत नेऊन निजवलं होतं. मीच त्यांना म्हणाले होते, “निजवा तिला, बरं वाटेल.”

मी कशी धावले मला आठवत नाही. “समीक्षा! समीक्षा!” एवढंच ओरडत होते. राजेंद्र आणि मोहित खोलीतून बाहेर आले. समीक्षाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, खालून टॉवेल कोंबलेला. ताईंनी लाथेनं दार उघडलं, कोपऱ्यातली घसरायची काठी उचलली आणि तिच्या टोकानं खिडकीची काच फोडली. बर्फाचा झोत आत आला.

राजेंद्रनं पोरीकडे पाहिलं नाही. तो आधी जमिनीवर आडवा झाला, पलंगाखाली हात घातला आणि कढई ओढून बाहेर काढली. मग पोरीला उचलून तो व्हरांड्यात पळाला, उघड्या बर्फात.

तिची मान लोंबत होती. गाल गुलाबी झाले होते. तो रंग मी सकाळी पाहिला होता. आयुष्यात दुसऱ्यांदा कधी बघावा लागू नये.

“बाळा! ए बाळा, श्वास घे!” राजेंद्र तिला हलवत होता. मोहित तिच्या तोंडावर बर्फ चोळत होता आणि मोठ्यानं रडत होता. मी नुसती उभी राहून ज्या देवांना मी कधीच मानलं नाही त्या सगळ्यांना हाका मारत होते.

समीक्षा ओकली. मग खोकली. मग तिनं भोकाड पसरलं. त्या रडण्याएवढं गोड मी काही ऐकलेलं नाही.

पोर श्वास घेऊ लागली, तेव्हा ताई राजेंद्रसमोर उकिडव्या बसल्या.

“मंजू फक्त तिचं नाव घेऊन ओरडली,” त्या म्हणाल्या. “पलंगाखाली काय आहे हे कोनी सांगतलं नव्हतं. तुले कसं समजलं, राजेंद्र?”

६

त्यानं लपवालपवी केली नाही. पोरीला छातीशी धरून तो डोलत होता.

“सकायी दार उघडलं आन बाबाचं तोंड पाह्यलं, तवाच समजलं ताई. खाणीतल्या ट्रेनिंगमंधी सांगतेत, हा रंग कशाचा. खाली वाकलो तं गोरसीसारखं घमेलं. माह्या आईनं ठेवलेलं.” त्यानं पोरीचं डोकं खांद्यावर घेतलं. “चाळीस वर्षं ती त्यायच्या बाजेखाली गोरसी ठेवून राह्यली. तिच्याच हातानं बाबा गेले, हे तिले कसं सांगू? मी म्हटलं, कोनालेच समजू नोको.”

“आन प्रेमलाल?”

“वाटलं, नंतर काहीतरी करून सोडवू त्याले.”

“नंतर!” ताईंचा आवाज चढला. “तू आईपासून लपवलं, म्हनून तिनं दुसऱ्यांदा विस्तव आनला. तिले कोनी सांगतलंच नाही का याच्यानं मानूस मरते. तुही पोरगी आता गेली असती रे, राजा!”

त्याच वेळी दारात रुख्माकाकू आल्या. रडण्याचा आवाज ऐकून त्या उठून आल्या होत्या. “काय झालं पोरीले? बर्फात काहून आनली? म्या तं चांगली ऊब करून देल्ली होती.”

मला वाटलं, नको सांगूस. बापा, नको सांगूस. एवढी वर्षं ज्या हातांनी माणूस जपला त्या हातांवर हे कशाला ठेवायचं? पोर वाचली, प्रेमलाललाही सोडवू, चूल बंद करू, बस.

ताईंनी बहुतेक माझं तोंड वाचलं. “नव्या स्लॅबच्या घरात पहिला हिवाळा आला का ती गोरसी काढन,” त्या राजेंद्रला म्हणाल्या. “पोरीच्या बाजेखाली. तवा मी नसन, मंजू नसन. सांगाचं तर तू सांग. परक्याच्या तोंडून नको.”

राजेंद्रनं पोरीला माझ्याकडे दिलं. तो आईजवळ गेला, तिचे दोन्ही हात धरले आणि हळू आवाजात बोलत राहिला. मी मान वळवली. काही गोष्टी ऐकायची हिंमत माझ्यात नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

त्याचं सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, “सकायी तोंड लाल दिसत होतं त्यायचं. मले वाटलं, बरं झालं, रातभर ऊब लागली.”

आधी त्या कोठाराकडे गेल्या आणि कडी स्वतः काढली. प्रेमलाल बाहेर आला तेव्हा त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. तो गोंधळून म्हणाला, “काकू, मी चहा मांडू का?”

मग त्या काकांच्या खोलीत गेल्या आणि खिडकीतला कागदाचा बोळा उपटला. मग दुसरा. मग बाल्कनीचं दार सताड उघडलं. तिथून शेजारच्या खोलीत, मग मोहितच्या, मग जेवणाच्या हॉलमध्ये. एकेका फटीत बोटं घालून त्या कागद ओढत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग बर्फाळ वारा आत शिरत होता. चौकीदार “अम्मा, अम्मा” म्हणत पुढं झाला, पण ताईंनी त्याला थांबवलं.

आम्ही सगळे हॉलमध्ये समीक्षाला मध्ये घेऊन, असतील नसतील ती पांघरुणं ओढून बसलो. खिडक्या उघड्या होत्या. माझे दात वाजत होते. मी उठून कोणतीच खिडकी लावली नाही.